चेपलेला टंबलर

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. लग्न होऊन पेणला आल्याला दोन महिनेही झाले नव्हते, आणि मी आमच्या ह्यांच्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांना, बिचारे तहानलेले असताना, पाण्याऐवजी परसाकडे धाडलं. तेही इंग्रजी बोलून. साहेब पत्नीला घेऊन नवी सून बघायला आले होते. मी रोह्याच्या शाळेतून मॅट्रिक झालेली, इंग्रजीत बरे गुण पडलेले, आणि ही दौलत सासरी कुणाला दाखवावी ह्या विवंचनेत असलेली. साहेबांनी पाणी मागितलं. साधं 'पाणी आणा' म्हटलं असतं तर माझी जीभ काही झिजली नसती. पण मी आत तोंड करून, साहेबांच्या बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "वयनी, साहेबांना टंबलर द्या." आत माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांनी 'टमरेल' ऐकलं. टमरेल म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगायला नको. नव्या पिढीसाठी सांगते, परसाकडे जाताना पाणी न्यायचा तो पत्र्याचा डबा. वयनींनी तो भरला, मागच्या दाराशी ठेवला, पदर सारखा करून बाहेर आल्या आणि अदबीनं म्हणाल्या, "साहेब, मागल्या दारी ठेवलंय. विहिरीच्या उजव्या अंगानं जा, डावीकडं चिखल हाय." साहेब भिडस्त माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पत्नीकडं पाहिलं, आणि... उठले. जाऊन आले. बाई माझ्याकडं बघून मंद हसल्या आणि म्हणाल्या, "हाऊ नाइस."

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात जो थयथयाट केला तो आठवला की आता माझं मलाच हसू येतं. अब्रू गेली, ह्यांची नोकरी जाणार, अशा अडाणी घरात मला कशाला दिली, मी उद्याच्या गाडीनं रोह्याला जाते... काय काय बोलले. वयनी चुलीपुढं बसून शांतपणे ऐकत होत्या. "तू टमरेल मागितलंस, मी टमरेल दिलं," एवढंच म्हणाल्या. तेव्हा मी घडवंचीवरचा पितळी पेला उचलला आणि "ह्याला टंबलर म्हणतात, ह्याला, ह्याला," म्हणत शब्दागणिक पाट्याच्या दगडावर आपटला. पेल्याचं बूड चेपलं. वयनींनी तो माझ्या हातातून घेतला, निरखून पाहिला, जमिनीवर ठेवला. पेला डुलला आणि आडवा झाला. "बरं," त्या म्हणाल्या, "हा टंबलर. ध्यानात ठेवीन."

आणि ठेवलं. जन्मभर ठेवलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या सुनेचा, सुषमाचा, फोन आला. "काकी, आई गेल्या." चहा पिऊन पुन्हा जरा आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांपुढं सगळ्यात आधी त्यांचा चेहरा यायला हवा होता. आला तो पेला. माणूस गेल्यावर भांडं आठवावं ह्याची लाज वाटली, पण आठवला हे खरं. त्याला कारणही आहे. त्या पेल्यापाशी माझा एक प्रश्न अडकून राहिला होता, आणि ज्यांना विचारायचा त्याच निघून गेल्या होत्या.

वयनी पेणच्या खाडीकडच्या गावातल्या. माहेरी मिठागरं. आवाज असा, की एका बांधावरून हाक मारली तर दुसऱ्या बांधावरच्या माणसानं फावडं टाकून यावं. शाळा नावापुरती झालेली. घरात सगळ्यांवर त्यांची हुकमत, सासूबाईंवरसुद्धा. पत्त्यांत सरळसरळ लबाडी करायच्या आणि पकडल्या गेल्या की समोरच्यालाच रागवायच्या. दुपारी झोपमोड केलेली त्यांना खपत नसे. गेलेल्या माणसाला लोक देव करून टाकतात. वयनींना तसं केलं तर त्या वरून काहीतरी फेकून मारतील.

आमच्या घरात पाणी पिण्याची एक रीत होती. घरचं माणूस माठावरची लोटी घ्यायचं, वरून घटाघटा प्यायचं आणि लोटी परत माठावर. पेला मिळे तो पाहुण्यांना. त्या दिवसानंतर मात्र मी माठाकडं वळले रे वळले, की वयनी कुठूनतरी यायच्या, पालथा घातलेला तो पेला उचलायच्या, भरायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. "घे, तुझा टंबलर." पेला खाली ठेवायची सोय नाही, ठेवला की लवंडणार. म्हणून उभ्या उभ्या सगळा संपवायचा, मगच त्यांच्या हातात परत. त्या तोवर समोर उभ्या राहून बघत असायच्या. सुरुवातीला मला ती थट्टा वाटली. मग शिक्षा वाटली. आणि पुढं मनानं घेतलं की ही खूण आहे. घरचे लोटीनं पितात आणि मी पेल्यानं, म्हणजे ह्या घरात मी पाहुणी. रोह्याची, मॅट्रिकवाली, आपटाआपट करणारी पाहुणी.

शब्दांवरून आमची रोज जुंपायची. मी दुरुस्त करायची आणि त्या ऐकायच्या नाहीत. कंडम हा शब्द घ्या. इंग्रजीत कंडेम म्हणजे दोषी ठरवणं, शिक्षा फर्मावणं, असं मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "हे बघ, हे माझं गुडघं. कंडम झालं. आता ह्यांना कोन शिक्षा देनार?" हायब्रीडचं बियाणं नवीन आलं तेव्हा तो शब्द त्यांनी भातासाठी वापरला नाही, माझ्या मुलांसाठी वापरला. उंच वाढलेली, पण पाण्याची घागर उचलायला सांगितली की तोंड लपवणारी. "हायब्रीड हाय गो, दिसायला लांब, जोर नाय." बाजारात स्टीलचे ग्लास आले तेव्हा तर त्यांनी मला पुरतं खिंडीत गाठलं. "ग्लास म्हंजे काच ना?" "हो." "मग स्टीलचा ग्लास म्हंजे काय? स्टीलची काच?" मी म्हटलं, वयनी, आधी काचेचा असायचा, म्हणून नाव पडलं, मग वस्तू बदलली आणि नाव राहिलं. त्या म्हणाल्या, "मग टमरेलाचं तेवढं काय वाईट झालं? तेबी तसंच फिरत फिरत आलं असंल." मी तेव्हा ह्यावर उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे, मला राग आला होता म्हणून. आता सांगते, उत्तरही नव्हतं.

आणि माझं नाव. लग्नात माझं नाव बदलून मृणालिनी ठेवलं. मला ते फार आवडलं, आरशात बघून म्हणायची. वयनींच्या तोंडी ते पहिल्या आठवड्यात मिरनाल झालं, महिनाभरात मिरी. मी एकदा नाराजीनं सांगितलं, मृणालिनी म्हणजे कमळाची वेल, मिरी म्हणजे मसाल्यातला काळा दाणा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "मग बरोबर हाय." अजून मला सासरी कुणी मृणालिनी म्हणत नाही. कधी कुणी म्हटलंच, तर मीच मागं वळून बघते, कुणाला हाक मारली म्हणून.

पुढं ह्यांची बदली रोह्याला झाली, मग तिथंच घर बांधलं. माझं माहेरचं गाव, म्हणून लोक म्हणायचे, नशीबवान आहेस. पण पेणचं घर सुटलं ते सुटलंच. सणावाराला जायचं, दोन दिवस राहायचं, निघताना वयनींनी पोह्याचे पापड बांधून द्यायचे. पापड बांधून देतात ते पाहुण्यांनाच, हेही मी मनात नोंदवून ठेवलेलं. रोह्याजवळ कारखाने आले, वयनींचा विजय एका कंपनीत लागला आणि लग्न होईपर्यंत आमच्याकडं राहिला. त्याच्यामुळं आमच्या भांडणाला नवा दारूगोळा मिळाला. वयनी फोनवर विचारायच्या, "इजयची ड्यूटी सुटली का?" मी एकदा म्हटलं, "वयनी, ड्यूटी म्हणजे खरं तर कर्तव्य." तिकडून लगेच, "कर्तव्य कुठं भोंगा वाजला की सुटतं गो? तसं असतं तर मी कवाच सुटले असते." ह्यांना हे सांगितलं तर हे पोट धरून हसले, आणि वर म्हणाले, "तू इंग्रजी शिकवतेस आणि त्या मराठी करून परत पाठवतात." ... मी मात्र पेणला गेले की वाट बघायची, ह्या खेपेला तरी पेला विसरतील. विसरल्या नाहीत. पायरी चढायच्या आत पेला भरलेला. बाकीची मंडळी, माझी स्वतःची मुलंसुद्धा, लोटी उचलून प्यायची. मी एकटी पेल्यानं.

गेल्या वर्षी माझी नात, जी पुण्याला इंग्रजी घेऊन शिकते, सुट्टीत आली होती. तिला मी साहेबांचा किस्सा सांगितला, ती हसून लोळली, आणि मग फोनवर काहीबाही शोधत बसली. म्हणाली, "आजी, तुला माहितेय का, नाइस शब्दाचा अर्थ एके काळी मूर्ख असा होता." मी म्हटलं, मग साहेबांच्या बाई फार जुनं इंग्रजी जाणत असणार. पण खरी गंमत पुढं होती. तिनं सांगितलं ते ऐकून मी दुसऱ्याच दिवशी पेणची गाडी धरली.

वयनी तेव्हा खाटेवरच असायच्या. मी शेजारी बसले. "वयनी, टंबलरचं एक कळलंय."

"अजून तेच? तुझं काय ते गिरमिट चालूच."

"ऐका तर. इंग्रजांचा टंबलर आधी सपाट बुडाचा नसायचाच म्हणे. बूड गोल किंवा निमुळतं. खाली ठेवला की लवंडायचा. टंबल म्हणजे लवंडणं, म्हणून टंबलर. सगळं पिऊन संपवल्याशिवाय हातातून ठेवताच यायचा नाही."

"आनि मग?"

"मग केव्हातरी त्यांनी बूड सपाट केलं. नाव तेच राहिलं."

वयनींनी माझ्याकडं कूस वळवली. मग म्हणाल्या, "म्हंजे आपला पेला तेवढा मूळचा."

"हो."

"आनि तसा केला कुनी?"

"मी."

"मग येवढ्या वरसांत तू खरं इंग्रजी एकदाच बोललीस गो मिरे. आपटलास तवा."

आम्ही दोघी एवढ्या हसलो की सुषमा आतून बघायला आली. हसता हसता माझ्या ओठांवर आलं होतं... वयनी, सगळ्यांना लोटी आणि मला एकटीला हा पेला, इतकी वर्षं, का हो? मी अजून पाहुणीच का? पण त्यांना ठसका लागला, सुषमानं त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळली, आणि मी उगाचच गाडीची वेळ झाली म्हणून पिशवी उचलली. खरं सांगायचं तर गाडीला वेळ होता. उत्तराची धास्ती वाटली. निघताना त्यांनी खाटेवरूनच सुषमाला हात केला. पेला भरून आला. मी उभ्यानं संपवला. त्या बघत होत्या.

तीच आमची शेवटची भेट. कार्याच्या दिवशी गर्दीत काही सुचलं नाही. परवा सवड काढून पुन्हा पेणला गेले. वयनींची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. माठ जागेवर, माठावर लोटी आणि शेजारी पालथा पेला. तेवढ्यात भेटायला वडखळकडच्या एक ओळखीच्या बाई आल्या, उन्हातून चालत, घामाघूम. सुषमा पाणी आणायला उठेपर्यंत त्या स्वतःच माठाकडं गेल्या आणि त्यांनी तो पेला उचलला. सुषमानं तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. "तो नको ताई, हा घ्या," म्हणत फडताळातला नवाकोरा स्टीलचा ग्लास विसळून, भरून दिला. मग पेला भरून माझ्याकडं घेऊन आली, अगदी वयनींसारखी, न विचारता.

बाई गेल्यावर मी तिला म्हटलं, "सुषमा, द्यायचास की त्यांना. पाहुण्यांचाच पेला तो. मीही पाहुणी, म्हणून तर वयनी मला त्यातून देत आल्या."

सुषमानं पदर तोंडाला लावला. हसू आवरत होती की रडू, मला कळलं नाही. मग म्हणाली,

"काकी, तुम्ही पन कमाल करता. पाव्हन्याला कधी चेपलेला पेला देतात का? पाव्हन्याला धड पेला देतात. चेपलेला घरच्या मानसाला."