घाटावरचा सिंह

आमच्या तलावाच्या घाटावर प्रत्येक घराचा धुण्याचा दगड ठरलेला असे. नव्या सुनेने खालच्या पायरीवर चिखलात धुवायचं. सासू थकली की तिचा दगड सुनेला. आमचा दगड सगळ्यात चांगला, रुंद, गुळगुळीत, आंब्याच्या सावलीतला. नऊ वर्षांनी तो मला मिळाला, तेव्हा नवं लुगडं मिळाल्यासारखं वाटलं. खरं तर जास्तच. लुगडं फाटतं.

दगडाच्या बाकीच्या तीन बाजू गाळात होत्या. सासूबाई सांगत, "एका बाजूले यादवाच्या देवळाची वेलबुट्टी. मग गोंडराजा आला, त्यानं दुसऱ्या बाजूले हत्तीवरचा सिंह कोरला अन् दगड किल्ल्यात बसवला. मग भोसले आले, त्यायनं तिसरीकडं भोक पाडून त्यात दरवाजाचा खुंटा टेकवला. एकालेही नवा दगड आणाले सवड नाही भेटली!" शेवटी आमच्याच घरातल्या कुण्या सासूच्या सासूने तो घाटावर ओढत आणला.

ऐंशी सालाच्या आसपास शाळेतल्या गुरुजींनी गावाचा इतिहास लिहायला घेतला. एका सकाळी ते वही घेऊन घाटावर आले. आम्ही पदर ओढले.

"हत्तीवरचा सिंह कोणी पाह्यला का, बाई?"

"गुरुजी, इथं सिंह असता तर आमी धुणं धुतलं असतं का?" माझी शेजारीण म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

"भेटला तर तहसील कचेरीत नेऊन ठेवू. मानानं."

माझी कपडे बडवायची मोगरी हातातच राहिली. मी हळूच दगडावर बसले. परक्या माणसाशी मी कधी बोलले नव्हते. बसमध्ये तिकीटसुद्धा हेच मागत. गुरुजी जाईनात, मी उठेना. धुणं पिळून झालं, तरी मी बसलेलीच.

"ऊठ वं," शेजारीण कुजबुजली, "अंडे देऊन राहिली का?"

मला हसू फुटलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"पाहा," मी म्हटलं, "पण नेऊ नका, गुरुजी. चौथी बाजू आमची हाये."

"चौथी कोणती?"

"वरची. कोणी घासली नाही, धुवून धुवून अशी झाली. तेही लिवा."

गुरुजींनी चष्मा पुसला. "नाही नेत," म्हणाले. जाळं सुकवणाऱ्या दोघा ढिवरांना हाक मारून त्यांनी दगड पालथा करवला, सिंहावर कागद ठेवून कोळसा घासला आणि छाप घेऊन खुशीत निघून गेले. दगड जागेवर राहिला. पण सिंह वर!

त्या दिवशी यांच्या टेरिलीनच्या शर्टाची दोन बटणं सिंहाने खाल्ली. सासूबाईंनी शर्ट उजेडात धरून पाहिला. "गोंडराज्य परत आलं काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणींनी लुगडी खोचली, मुसळ खाली घातलं आणि राज्य उलथवलं.

पुढे गुरुजींची पुस्तिका निघाली. मी बोट ठेवत ठेवत सासूबाईंना वाचून दाखवली. यादव, गोंड, भोसले, सगळे दिमाखात. शेवटच्या पानावर एक ओळ होती : सध्या हा दगड धुण्याच्या कामी आहे.

"कोणाच्या?" सासूबाईंनी विचारलं.

"ते नाही लिवलं."

"मंग तुले चौथीपर्यंत कायले शिकवलं?"

मी पेन्सिल आणली आणि त्या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिलं : आमच्या घरच्या.