पुढच्या घराचं नाव

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला होता. हात-पाय वाचले, पण नावं जिभेवर यायला वेळ लागायचा. आणि आमच्या हसनाबादेत लग्नाचं बोलावणं म्हणजे सगळा नावांचाच कारभार. कर्त्यानं दारात उभं राहून घरधन्याला नावानं हाक मारायची, हातावर अक्षता ठेवायच्या आणि पुढच्या घरी जायचं. घरं गल्लीच्या ओळीनं नाही, नात्याच्या ओळीनं घ्यायची. वेशीजवळच्या घरानंतर एकदम मळ्याच्या वाटेवरचं. एखादं सुटलं तर माणसं रुसून बसतात.

"काका, तुमी आराम करा, मी देतो बोलावणं," धाकट्या काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, म्हणाला. लेकीचं बोलावणं आपल्याला देता येत नाही, म्हणजे आपण घरात असून नसल्यासारखे, हे दादांच्या तोंडावर दिसत होतं. मला ते बघवेना. मी म्हटलं, दादाच देतील, मी जाते सोबत.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच काम करते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात, तो लिहिणाऱ्यांपैकी मी. गावात लोक विचारतात, कम्प्युटर दुरुस्त करती का? मी हो म्हणून टाकते. त्या आठवड्यात माझ्यापुढे एक लूप होता, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणारा कोड. कर्नलमध्ये माहितीचे तुकडे साखळीनं जोडलेले असतात. मेमरीत ते कुठेही विखुरलेले असतात आणि प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याचा पत्ता ठाऊक असतो. लूप एकेकापाशी थांबतो, काम उरकतो, पुढे सरकतो. तो जलद चालावा म्हणून कुणीतरी त्यात एक ओळ घातली होती: हातातलं काम चालू असतानाच पुढचा तुकडा मागवून ठेव. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मीसुद्धा तेच केलं असतं.

सकाळी बोलावण्याला निघालो तेव्हा मी खरोखर तेच केलं. दादा एका दारात अक्षता देत असतानाच मी त्यांच्या कानाशी पुढच्या घरधन्याचं नाव पुटपुटायची. दादा हातातलं वाक्य अर्धवट सोडून माझ्याकडे बघायचे. मग समोरच्या माणसाचंही नाव जायचं आणि पुढचंही. एका दारात तर त्यांनी भलत्याच माणसाच्या नावानं हाक मारली. आतून हसण्याचा आवाज आला. दादांनी अक्षतांची पिशवी माझ्या हातात दिली आणि ते घरी चालू लागले. चुलतभावाला म्हणाले, "उद्या तूच जाय."

मी चिडून लॅपटॉप उघडला. काही सुचेना म्हणून ती ओळ काढून लूप चालवून पाहिला, तर तो आधीपेक्षा जलद धावला. विश्वास बसेना, पुन्हा पुन्हा मोजलं. कारण अगदी साधं होतं. बहुतेक साखळ्या आखूड होत्या, पुढे कुणी नसायचंच. तरी ती ओळ दरवेळी रिकाम्या पत्त्यावर जाऊन ठेचकाळायची. आणि जिथे पुढे कुणी असायचं, तिथे प्रोसेसर न सांगताही आपला आपण पुढे नजर टाकत होता. मदत म्हणून घातलेली ओळच आडवी येत होती.

माणूस म्हणजे प्रोसेसर नव्हे, एवढं मला कळतं. तरी मी उठून दादांच्या खाटेशी गेले. "उद्या आपणच जाऊ. मी एक अक्षर बोलणार नाही."

बोलले नाही. फार जड गेलं. दादा दारात उभे राहायचे, ओठ हलायचे, समोरचा माणूस अवघडून वाट बघायचा आणि मी दातांखाली जीभ धरून शेजारच्या म्हशीकडे बघत राहायची. पण नाव यायचं. हळू यायचं, बराबर यायचं. अक्षता दिल्या की दादा क्षणभर थांबायचे आणि पाय आपसूक पुढच्या घराकडे वळायचे.

मग ते आमच्या मोठ्या काकांच्या घराकडे वळले. काका मागच्या वर्षी गेले होते आणि काकू मुलाकडे जालन्याला राहायला गेल्या होत्या. दाराला कुलूप होतं. दादा विसरले की काय? सांगायला हवं होतं, पण शब्द दिला होता.

दादा दारासमोर उभे राहिले. त्यांनी काकांना नावानं हाक मारली. इथे थांबावं लागलं नाही, नाव चटकन आलं. मग त्यांनी वाकून उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या.

"भाऊ, पोरीचं लगीन हाये. या."

मला रडू आवरेना. दादांनी मागे वळून पाहिलं.

"रडू नको माय. भाऊ न्हाई, म्हाईत हाये मला. पण त्याचं घर सोडून पुढं कसं जाऊ?"