दुवा को?

आधीच सांगून ठेवते, मी लिंबू फक्त वरणात पिळते. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी शाळकरी होते. त्या दिवसापासून उतारे, नवस, अंगात येणं... सगळं बंद. पुढं जन्मभर शाळेत शिकवलं, आणि चिंचेवरच्या भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या कित्येक पोरांना बाकावर उभं केलं. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण वय झालंय, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला मरायचं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. मी आणि आमचे हे, दोघंही कुंभार पिंपळगावला मास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडच्या वीसेक लोकांनी सिलोनला बोधिवृक्षाच्या दर्शनाला जायचं ठरवलं. सोबत एक भंते होते, तिकडं काही वर्षं शिकून आलेले. आमची नंदा तेव्हा चार वर्षांची. रेल्वे, बोट, परका देश... एवढ्या लहान लेकराला कुठं फरफटत न्यायचं? तिला माझ्या आईकडं केदारखेड्याला ठेवलं. निघताना माझा पदर सोडेना. "माय, मी बी येते," एवढंच घोकत होती. शेवटी तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

अनुराधपूरला बोधिवृक्षाचं दर्शन झालं. परतीच्या आधी एक दिवस मोकळा मिळाला, कोलंबो बघायला. मंगळवार होता. भंते सकाळीच एका विहारात गेले, "दुपारी तिकडंच या" म्हणाले. आम्ही दोघं शहर बघायला बाहेर पडलो. काय ती गर्दी! दुमजली लाल बस, हातगाड्या, मसाल्यांचा वास, अंगाला चिकटणारा घाम. मी तर औरंगाबादपलीकडं मोठं गाव पाहिलेलं नव्हतं.

बाजारात एका सरबतवाल्यापाशी थांबलो. त्यानं माझ्या एका ग्लासात दोन नळ्या टाकल्या, एक लांब, एक कापून आखूड केलेली. आणि माझ्या गुडघ्याशी बघून हसला. आम्ही ग्लास ठेवून निघालो तर मागून म्हणाला, "दुवा को?"

मला गंमत वाटली. आमच्याकडं म्हातारी माणसं दुवा देतात, दुवा घेतात, तो शब्द इथं समुद्रापार! हे म्हणाले, "निजामशाही इथवर आल्ती की काय?" मी हात जोडून सरबतवाल्याला म्हणाले, "हां हां भाऊ, दुवा, दुवा."

बसमध्ये कंडक्टरनं दोन पूर्ण तिकिटं दिली आणि एक अर्धं. हे म्हणाले, "अरे, दोघंच आहोत." त्यानं माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडं बोट केलं आणि पुढं गेला. मला वाटलं, चुकला असेल. पण त्या सीटवर कुणीच बसलं नाही. उभी माणसं घामानं निथळत होती, तरी बसली नाहीत.

पुढं एका कापडाच्या दुकानात साड्या बघितल्या. दुकानदारानं न सांगता लहान फ्रॉक काढला, खाली वाकला आणि माझ्या डाव्या बाजूला हवेत धरला. खांद्यापासून घेरापर्यंत नीट लावून बघितला. मग मान हलवली, मोठा होतोय, आणि लहान मापाचा आणायला आत गेला.

मी यांची बाही ओढली. "अहो, चला इथून!"

"अगं, गिऱ्हाईक पटवायच्या युक्त्या असतात," हे म्हणाले. मी कशीबशी हसले. पण त्यानंतर डावा हात मी अंगाशी धरूनच चालले.

दुपारी विहारात पोचलो. पायऱ्यांपाशी एक म्हातारी निळी कमळं विकत बसली होती. पांढरं लुगडं, तोंडात एक दात. मला बघून ती उठलीच. तिचीही नजर तिथंच, माझ्या गुडघ्याशी. डोळे भरून आले तिचे. "दुवा?" म्हणाली, आणि दोन्ही हात पुढं केले. "दुवा?"

मला भडभडून आलं. एवढी म्हातारी बाई परक्या पोरीकडं दुवा मागते, नाही कसं म्हणायचं? मी हसून, ओंजळीनं दिल्यासारखं करत म्हणाले, "घ्या आजी, घ्या! सगळी तुम्हीच घ्या."

तिनं माझ्या डाव्या बाजूला हात घातला आणि मूठ मिटली. फुलं तिथंच टाकून चालू लागली, एका बाजूला जराशी वाकून, पाऊल आखडून, लेकराचं बोट धरलं की माणूस चालतं तशी.

तेवढ्यात भंते आले. "त्या आजी काय म्हणत होत्या?"

मी सांगितलं. भंतेंचा चेहरा उतरला. "ताई, इथं 'दुवा' म्हणजे मुलगी. 'दुवा को' म्हणजे... मुलगी कुठंय?"

मी पायऱ्यांवरून धावले. दोनदा पडले. बाहेर नुसती माणसंच माणसं, त्यात ती कुठली सापडायची! मी भर रस्त्यात "नंदा! नंदा!" ओरडत होते आणि हे मला धरून म्हणत होते, "येडी झाली का? नंदा केदारखेड्याला हाय!"

परतीचे दिवस कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. केदारखेड्यात शिरलो तर नंदा ओट्यावर चिंचोके खेळत बसलेली, धडधाकट. माझा जीव भांड्यात पडला. मी तिला छातीशी कवटाळलं. तिनं अंग चोरलं, माझ्याकडं बघितलं आणि आत आजीला ओरडून सांगितलं, "मोठी माय, बाई आल्या!"

बाई मला शाळेतली पोरं म्हणतात.

आईनं मला बाजूला घेतलं. "मंगळवारी लई ताप आल्ता तिला. सकाळपासून एकच बडबडून राह्यली, 'माय, हळू चाल.' मंग दुपारच्याला एकदम किंचाळली, 'देऊ नको, मला देऊ नको!' अन् ताप गेला. घामसुद्धा आला न्हाई, बराबर दिवा विझवल्यावानी गेला."

वाटलं, रुसली असेल, होईल चार दिवसांत नीट. झाली नाही. लोक म्हणाले, मास्तरणीची लेकरं बाईच म्हणतात. पण नंतर झालेला माझा धाकटा माझ्याच वर्गात शिकला, तो मायच म्हणतो. नंदा गुणाची आहे, मला जपते, पाय चेपून देते, आणि अहो-जाहो करते. सख्ख्या आईला कुणी अहो-जाहो करतं का?

गेल्या उन्हाळ्यात धीर करून विचारलं, "नंदा, मला माय का म्हणत न्हाईस गं?"

चपाती लाटता लाटता ती थांबली. "तोंडापर्यंत येतं, बाई. पण भ्या वाटतं. हाक मारली तर ती येईल."

"ती कोण?"

"माहीत न्हाई," ती म्हणाली. "पण तुम्ही न्हाई."

याचा उलगडा मला झालेला नाही, आता होईल असं वाटत नाही. भंते होते तोवर त्यांना विचारत राहिले, त्यांनाही झाला नाही. मला एवढंच माहीत आहे की मागणारीनं हात पसरून मागितलं, आणि देताना मी हसत होते.