न पाहिलेला भाग दोन

मी आयुष्यात एकंदर एकोणीस चित्रपटांची परीक्षणं लिहिली. त्यातले चार मी पाहिले होते. (पाचवा मध्यंतरापर्यंत पाहिला होता, मग वीज गेली.)

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उटनूरजवळच्या एका सीमाभागातल्या खेड्यात मी मराठी शाळेवर मास्तर होतो, आणि पैनगंगेपलीकडून निघणाऱ्या एका चार पानी साप्ताहिकात 'तिसरा डोळा' या नावानं चित्रपटांवर लिहायचो. आमच्याकडं चित्रपट पोचेपर्यंत तो शहरात जुना होऊन गेलेला असे, आणि संपादकांना परीक्षण ताजं हवं असे. मग पोस्टर बघायचं, निर्मलहून येणाऱ्या एखाद्या बस कंडक्टरला कथा विचारायची आणि 'छायाचित्रण नेत्रसुखद' असं काहीतरी टाकून मोकळं व्हायचं. तिसरा डोळा उघडण्यासाठी पहिले दोन मिटून घ्यावे लागत.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, विठ्ठलभाऊजी, उटनूरला पत्र्याची टॉकीज चालवायचे. एका गुरुवारी दुपारी ते पोस्टरची सुरळी घेऊन शाळेत आले आणि फळ्यावर उलगडून धरली. वर्गातली पोरं एकदम उभी राहिली.

पोस्टरवर तो होता. परदेशातला, हाणामारीच्या चित्रपटांतला एक किडकिडीत नट. कमरेच्या वर उघडा, हातात काही नाही आणि एकटा पंधरा जणांना लोळवणारा. त्याचा एक चित्रपट आमच्या जिल्ह्यात इतक्यांदा लागून गेला होता की गावोगावची पोरं चालायच्या आधी लाथ मारायला शिकत. पुढं तो ऐन तारुण्यात वारला. आणि आता, तो जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, त्याच चित्रपटाचा भाग दोन आला होता.

"भाऊजी, हा तं मेला ना?"

"मेला तं मेला. पोस्टरवर हाय ना?"

"पण मंग भाग दोनमंदी काम कसं केलं?"

"आधीच करून ठेवलं असन. मोठे लोक करून ठेवतेत."

"तुमी पाह्यला काय?"

"रिळांची पेटी अजून हैदराबादेतच हाय," भाऊजी म्हणाले. "आन मी कायले पाहू? मी दाखवणारा हाय. तू लिवून टाक. चारची बस गेली तं पेपर हुकन."

चारची बस चुकू नये म्हणून मी मधल्या सुट्टीत परीक्षण लिहिलं. त्यातली तीन वाक्यं मला आजही पाठ आहेत. ती विसरता आली असती तर बरं झालं असतं. 'तो गेला असे म्हणणाऱ्यांनी हा चित्रपट पाहावा. तो जिवंत आहे. प्रत्येक प्रसंगात तो पूर्वीपेक्षा अधिक तरुण आणि चपळ दिसतो.' मला वाटलं, काय लिहिलंय. अलंकार म्हणतात तो हाच.

माझे वडील अलंकार न शिकलेले होते.

आमचं गाव नार्नूरच्या पुढं. बाबांची कापसाची आणि ज्वारीची शेती. निर्मलला बैल बघायला म्हणून गेलेले बाबा एकदा त्या नटाचा चित्रपट बघून, बैल न बघताच परत आले होते. तेव्हापासून ते त्याचे भक्त. "माह्यासारखाच हाडकुळा हाय," ते म्हणायचे, "आन त्याच्याजोळ काईच नाई, ना लाठी ना माणूस." दुपारी वखर सोडला की आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक लाथ हवेत मारत. सुरुवातीला बैल बिचकत. मग त्यांनाही सवय झाली.

तो नट वारला हे बाबांनी कधी मान्यच केलं नाही. आमचे शेजारी लक्ष्मणकाका गावातले एकमेव पेपर वाचणारे. त्यांनी ती बातमी बाबांना सांगितली, तेव्हापासून दोघांची तक्रार सुरू होती. पारावर विषय निघाला की बाबा म्हणत, "तू त्याची मयत पाह्यली काय?" लक्ष्मणकाका म्हणत, "तू त्याले जिता पाह्यला काय?" आणि दोघं उठून आपापल्या घरी जात. अशी सात-आठ वर्षं गेली.

आणि मग एका बुधवारी लक्ष्मणकाकांनीच पारावर माझं परीक्षण मोठ्यानं वाचलं. 'तो जिवंत आहे' या वाक्याशी ते थांबले. बाबांनी ते तीनदा वाचायला लावलं.

"कोणं लिवलं?" बाबांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

"तुह्या पोरानं."

"त्यानं पाह्यला म्हून लिवलं ना? छापून आलं म्हंजे सबूत हाय. आता बोल."

हे सगळं मला नंतर कळलं. मला आधी कळलं ते एवढंच, की रविवारी सकाळी मी बहिणीकडं चहा पीत बसलो होतो आणि टॉकीजसमोर दोन ट्रॅक्टर येऊन थांबले. ट्रॉल्यांमध्ये आमचं निम्मं गाव होतं. बायका होत्या, तान्ही पोरं होती, दशम्यांची गाठोडी होती. पहिल्या ट्रॉलीतून बाबा उतरले. धुतलेलं धोतर, डोक्याला ठेवणीतला पटका, हातात नारळ. त्यांच्या मागून लक्ष्मणकाका उतरले, हरलेल्या माणसासारखे.

"हाच तो," बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, जसं काही गावातल्या लोकांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. "यानं सोताच्या डोयानं पाह्यला."

नारळ पडद्यापुढं फोडायचा होता. पडद्यावर पाणी उडेल म्हणून भाऊजींनी नको म्हटलं, तेव्हा बाबांनी तो तसाच पडद्याच्या पायाशी ठेवला आणि हात जोडले. तेवढ्यात भाऊजींनी मला दाराआड ओढलं. त्यांचा चेहरा काही बरा दिसत नव्हता.

"काल रात्री पेटी आली. म्या सकायी दोन रीळं लावून पाह्यली."

"हाय ना तो त्याच्यात?"

"हाय," भाऊजी म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "पाठमोरा."

"सारा सिनेमा?"

"मले काय मालूम. दोनच रीळं पाह्यली ना."

घंटा झाली. मी बाबा आणि लक्ष्मणकाका यांच्या मधे बसलो. ती जागा बाबांनी राखून ठेवली होती.

नायक आला तो पाठमोराच. शिट्ट्या वाजल्या. तो पाठमोराच चालला, पाठमोराच जेवला, पाठमोराच एका मुलीला म्हणाला की मी येईन, वाट बघ. वळायची वेळ आली की तो गॉगल लावे, गॉगल नसला तर छत्री उघडे. फोनवर बोलताना नुसता कान दिसला. मग त्याला अपघात झाला आणि अर्धा तास त्याच्या तोंडावर बँडेज होतं.

"मार लागला हाय त्याले," बाबांनी मागच्या रांगेला समजावलं.

"उंची काऊन वाढली पण?" लक्ष्मणकाकांनी विचारलं.

"भाग दोन हाय ना."

मधेच एकदा मारामारीत त्याचा खरा चेहरा दिसला. जुन्या चित्रपटातून कापून घातलेला. अख्खी टॉकीज ओरडली. त्या क्षणी त्याच्या अंगात पिवळा सदरा होता, पुढच्या क्षणी पाठमोरा झाला तेव्हा निळा. आधी भर दुपार होती, मग संध्याकाळ झाली. मी टक लावून पडद्याकडं बघत होतो. मी लिहिलं होतं, 'प्रत्येक प्रसंगात.'

मध्यंतरात मी बाहेर पळालो आणि ऑपरेटर राजन्नाला गाठलं. "चेहरा असलेली आणखी रिळं आहेत का रे?"

"रीलां तो इतनेच हैं साब," तो म्हणाला. "एक में फेस है. लास्टवाली. मगर वो अच्छी नहीं है."

वो अच्छी नहीं है म्हणजे काय, ते तासाभरानं कळलं. गोष्टीत नायक मेल्याचं खोटं नाटक करतो. खलनायकांना फसवायला त्याची अंत्ययात्रा निघते. आणि पडद्याचा रंगच बदलला. चित्र थरथरायला लागलं, फिकट झालं. रस्ताभर माणसं. खरी माणसं, कॅमेऱ्याकडं न बघणारी. ढकलाढकली. एक म्हातारी बाई दोघांच्या हातातून निसटून खाली बसली. मग शवपेटी आली. झाकणाला काच होती, आणि काचेखाली तो.

अख्ख्या चित्रपटात तो समोरून आणि जवळून दिसला तो एवढाच.

टॉकीजमध्ये कुणी शिट्टी वाजवली नाही. पुढच्याच क्षणी निळा सदरा घातलेला पाठमोरा माणूस एका छपरावर उभा राहून हसायला लागला, म्हणजे मेला तो नव्हताच. पुढच्या बाकांवरची काही पोरं टाळ्या वाजवायला लागली.

बाबा उभे राहिले. त्यांनी पटका काढून हातात घेतला.

"बसा ना बाबा," मी म्हणालो.

"ते खरं व्हतं," बाबा हळू म्हणाले. "ती बुडी पाह्यली ना? नाटकात अशी कोणी पडत नाई. खरीच मयत हाय ते." आणि मग म्हणाले, "दुसऱ्याच्या मयतीले तिकीट काढून येते काय कोणी?"

ते बाहेर गेले. त्यांच्यामागं एकेक करून अख्खं गाव उठलं.

बाहेर कडक ऊन होतं. सगळे ट्रॅक्टरपाशी उभे राहिले, पण ट्रॉलीत कुणी चढेना. लक्ष्मणकाकांनी जिंकायला हवं होतं. ते जिंकलेच होते. पण त्यांनी बाबांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, तुमी पाह्यला व्हता ना?"

त्यांनी मला अरे-तुरे सोडून 'तुमी' म्हटलं. चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. त्यांतल्या कित्येकांची पोरं माझ्यासारखं मास्तर व्हायचं म्हणून शाळेत जात होती. मी उगाच ट्रॉलीतलं दशम्यांचं गाठोडं सरळ करायला गेलो.

"त्यानं बराबर लिवलं व्हतं," बाबा म्हणाले. "'तो मेला' असंच लिवलं व्हतं. पेपरवाल्यानं उलटं छापलं. काय रे?"

मी मान डोलावली. 'तिसरा डोळा' म्हणवणारा मी, जमिनीकडं बघून मान डोलावली. आजवर कधी खोटं न बोललेल्या माणसाला मी चाळीस जणांसमोर खोटं बोलायला लावलं, आणि वर त्याला दुजोरा दिला.

लक्ष्मणकाकांनी बाबांजवळ जाऊन त्यांच्या हातातला पटका घेतला, झटकला आणि परत दिला. "चाल गड्या," ते म्हणाले. "मलेबी वाटून राह्यलं व्हतं का जिता असन तं बरं होईन. म्हून तं आलो."

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. बाबा कापसात निंदण काढत होते. मी शेजारी बसलो आणि दोन ओळी निंदून झाल्यावर सांगितलं की मी चित्रपट पाहिला नव्हता.

"मालूम हाय," बाबा म्हणाले.

"कवा कळलं?"

"सिनेमा चालू झाला तवाच. आधी पाह्यलेला माणूस निवांत बसते. तू तं आमच्याहून जास्त टकाटका पाहून राह्यला व्हता."

"मंग मले वाचवलं काऊन?"

"तुले कायले वाचवू?" त्यांनी विळा मातीत रोवला. "मास्तर खोटं लिवते असं झालं असतं, तं उद्यापासून तुह्या 'अ आ ई'ले बी खरं कोण मानन? पोट्ट्यांसाठी बोललो म्या. आता खरं काय ते छापून आण."

मी त्याच संध्याकाळी दीड पानाचा खुलासा लिहिला. एवढ्या मनापासून मी आधी काही लिहिलं नव्हतं. 'मी हा चित्रपट न पाहता लिहिले. त्यावर लिहिण्यापूर्वी तो पाहिलाच पाहिजे, एवढे तरी मला कळायला हवे होते. माझ्या शब्दावर विसंबून दुरून आलेल्या प्रेक्षकांची, आणि ज्याचे मरण विकले गेले त्या माणसाची मी क्षमा मागतो.' असं बरंच काही.

नेमकी त्या आठवड्यात साप्ताहिकाला कीटकनाशकाची जाहिरात मिळाली. बोंडअळीचं चित्र अर्धं पान व्यापून बसलं आणि माझ्या खुलाशाला खालच्या कोपऱ्यात एक ओळ उरली. संपादकांनी दीड पानातलं त्यांच्या मते महत्त्वाचं वाक्य निवडून ठेवलं: 'भाग दोनविषयी तिसरा डोळा आवर्जून कळवतात की, तो पाहिलाच पाहिजे.'

भाऊजींनी ती ओळ रंगवून टॉकीजच्या दारावर लावली. चित्रपट आणखी दोन आठवडे चालला.

मी मात्र तो अंक घेऊन गावी पळालो, लक्ष्मणकाकांच्या हाती पडायच्या आत. बाबा ओट्यावर बसले होते. "आलं काय छापून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो, पेपर उघडला, त्यात डोकं खुपसलं आणि माझा सगळा दीड पानाचा खुलासा, एक शब्द न गाळता, तोंडपाठ 'वाचून' दाखवला.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पेपर माझ्या हातातून घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण कापूस तीस वर्षं पिकवला होता.

"हे एवढं सारं," ते म्हणाले, "या बोंडअळीतच लिवलं हाय काय?"

मी लिहिलेल्यातलं तेवढंच एक परीक्षण शब्दन् शब्द खरं होतं, आणि ते मी एका निरक्षर माणसासमोर, अळीच्या चित्राकडं बघत, खोटं खोटं वाचत होतो.