हाळी, गोफण आणि अलास्काचं अस्वल

माझा आवाज इतका बारीक आहे, की मी जेवायला हाक मारली तर घरातली माणसं उपाशी राहतात. अमेरिकेत रेडमंडला मुलाकडे राहायला आल्यापासून तो आणखीच बारीक झालाय. (कोण कधी इंग्रजीत काय विचारेल, ही धास्ती!)

यंदा उन्हाळ्यात माझा मुलगा सुधीर आम्हाला अलास्काच्या पार दक्षिण टोकाला घेऊन गेला. माझी नात मैत्री नऊ वर्षांची. व्हेलचा नाहीतर अस्वलाचा फोटो आणते, असं अख्ख्या वर्गाला सांगून आलेली!

पहिल्या दिवशी बोटीतून ग्लेशियर बघायला गेलो. डोंगराएवढा निळा बर्फ! बघता बघता त्याचा कडा धाडकन पाण्यात कोसळला. सगळी बोट त्या बाजूला धावली. मी एकटीच दुसऱ्या बाजूला कठडा धरून. (सोडायची हिंमत कुणाला होती?) तोच डोहातून म्हैस वर यावी तसा माझ्यासमोर देवमासा वर आला! त्यानं फवारा उडवला, माझा चष्मा भिजवला, शेपूट दाखवलं. मी तोंड उघडलं, पण एवढ्या परक्या माणसांत ओरडायचं कसं? तेवढ्यात तो गेलासुद्धा.

"इथं देवमासा होता," मी नंतर हळूच म्हणाले.

"कधी?" माझी सून वैशाली दचकलीच.

"मघाशी. गेला."

"अहो आई, मग ओरडायचं ना!"

"आजी! व्हाय डिडन्ट यू शाउट?" मैत्रीच्या डोळ्यांत पाणी. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. शेवटी मीच म्हणाले, "उद्या अस्वल दिसलं की ओरडेन."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

दुसऱ्या दिवशी जंगलातून नदीकडे निघालो. सुधीर "हे बेअर! हे बेअर!" ओरडत पुढे, वैशाली टाळ्या वाजवत मागे. आवाज ऐकला की अस्वल वाटेतून बाजूला होतं म्हणे. मला गंमतच वाटली. गावी चौथीनंतर माझी शाळा सुटली ती ज्वारीची राखण करायलाच. शेतातल्या उंच माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची आणि हाळी द्यायची. माझ्या एका हाळीनं शेजारच्या शेतातलीही पाखरं उडायची. (तिथं लाजायचं कुणाला? पाखरांना?)

"आई, तूही ओरड की!"

मी एक हाळी दिली.

"अगं, हे अस्वलासाठी आहे, डासासाठी नाही!"

मग दुसरी दिली, तिसरी दिली. गळा हळूहळू मोकळा होऊ लागला.

नदीकाठी लाकडी कट्ट्यावर हातभर लांब कॅमेरे घेतलेली माणसं श्वास रोखून उभी होती. सकाळपासून! वैशालीनं मैत्रीच्या गळ्यात आपला फोन अडकवला आणि ओठांवर बोट ठेवलं. मैत्री माझ्या बाजूला, जरा मागे, बुटाची लेस बांधायला खाली वाकली आणि नेमकं तेव्हाच समोरच्या झाडीतून अस्वल आलं! पाण्यात उतरलं. मासा तोंडात धरला. मैत्री अजून लेसच बांधतेय! मला प्रॉमिस आठवलं.

"हाऽऽल्या होऽऽऽ! हुर्रर्रर्र!"

ज्वारीच्या रानातली हाळी, जशीच्या तशी! उजवा हात आपोआप गोफण फिरवू लागला. (गोफणीच्या जागी माझी पर्स!) अस्वलानं मासा टाकला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जे धूम पळालं! बदकं उडाली, घारी उडाल्या, नदीतले मासेसुद्धा बहुतेक समुद्राला परत गेले.

सगळे कॅमेरे हळूहळू माझ्याकडे वळले. एक म्हातारे गोरे आजोबा कपाळाला हात लावून खालीच बसले.

"आई, अगं काय केलंस हे!"

"प्रॉमिस केलं होतं रे..." आवाज पुन्हा डासाचा.

आता मैत्री जन्मात बोलत नाही, असं धरून मी कानटोपी नाकापर्यंत ओढली. तर ती आईचा फोन उंच धरून नाचतेय! "आजी, आय गॉट इट! आय गॉट इट!"

तो फोटो आता आमच्या फ्रिजवर आहे. मागे पळत्या अस्वलाची पाठ. पुढे मी, एका बाजूनं: अंगात सुधीरचं तपकिरी केसाळ जाकीट, हात वर, जबडा फाडलेला. घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, "व्वा मैत्री, काय जवळून काढलायस गं अस्वलाचा फोटो!"

आणि मग जरा वाकून विचारतो, "पण ते मागं घाबरून पळतंय, ते कोण?"