मानेवर लावलेला बिब्बा

माझ्या मानेवर डाव्या बाजूला एक चामखीळ आहे. हरभऱ्याच्या दाण्याएवढीही नाही. दुखत नाही, खुपत नाही. नवऱ्याला तर लग्नानंतर कित्येक वर्षं ती दिसलीसुद्धा नव्हती. पण माझ्या मोठ्या नणंदेला दिसली, आणि त्या बाईला एकदा काही दिसलं म्हणजे संपलंच.

तिच्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडाच, ठरलं होतं, अकोटच्या मंगल कार्यालयात. हा पोरगा कॉलेजची सगळी वर्षं अमरावतीला माझ्याकडे राहिला. त्याचे डबे मी भरले. कावीळ झाली तेव्हा पथ्याचं मी रांधलं, आई एकदा तोंड दाखवून गेली. मला मूलबाळ नाही. साक्षगंधात मामीनंच ओवाळायचं, असं तो स्वतः म्हणाला होता. त्या एका गोष्टीनं मी हवेत होते.

नणंदबाईंचा फोन आला. "ओवाळाले वाकशील तं ते लोंबन. फोटोत चांगलं दिसते का? काढून टाक, नाई तं धाकटी ओवाळन." धाकटी म्हणजे माझी जाऊ.

"ताई, डॉक्टर काढून देते ना."

"डॉक्टर कायले? घरचं औषध असतानी!"

घरचं औषध! आधी लसूण ठेचून बांधायला लावला. दिवसभर माझ्या अंगाला फोडणीचा वास. मग रुईचा चीक. मग म्हणे घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांध, आपोआप गळून पडते. घोडा काय तुमचा बाप आणून देणार होता? मी शिवणाचा दोरा बांधला. मान लालबुंद झाली, चामखीळ ढिम्म हलली नाही. आणि मी मूर्खासारखी सगळं करत गेले.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी अकोटला पोचले, तर बाई बिब्बा घेऊन तयारच. मी हात जोडले. "ताई, आमच्या माहेरी सगळ्यायच्या अंगावर बिब्बा उतते. आईच्या बोटाले नुसतं तेल लागलं तं तोंड सुजे तिचं."

"कावून भेतं एवढी? आमी लहान लेकरायले लावतो."

सुईला टोचून बिब्बा गॅसवर धरला, काळं तेल सुटलं, ते मानेवर टेकवलं. आमचे हे शेजारीच पेपर वाचत बसले होते. बहिणीसमोर यांची जीभ टाळ्याला चिकटते.

सकाळी आरशात पाहिलं तर मान आणि गाल एक झालेले, फोड आलेले, त्यातून पाणी गळतंय, डावा डोळा बंद. आग तर अशी की खोबरेल थापून थापून बाटली रिकामी झाली. आणि नणंदबाई काय म्हणाल्या? "तुह्यं अंगच नाजूक, त्याले मी काय करू!" चुकलं म्हणून एक शब्द नाही. मेली वाईट वाटल्याचंही दाखवेना.

तरी मी नवी साडी नेसले. कार्यालयात तबक हातात घेऊन उभी राहिले. नणंदबाई आल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "दे ते धाकटीजवळ. तोंड पाह्य आपलं."

"त्याले विचारा," मी म्हटलं. "तो म्हणन तं देतो."

तो समोरच खुर्चीवर बसला होता, फेटा बांधून. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग फोटोवाल्याकडे.

"मामी, आई म्हणते तसंच कर ना," तो हळूच म्हणाला. "हे फोटो सगळ्यायच्या मोबाइलवर जातात."

मी तबक जावेच्या हातात दिलं, पिशवी उचलली आणि एसटी स्टँड गाठलं. हे जेवायला थांबले.

पोराचा फोन अजून येतो, दिवाळीला, माझ्या वाढदिवसाला. मी वाजू देते.