तंजावरात ऐकलेला होकार

तंजावरला जायचं आमचं ठरलं ते दुबईत, अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. समोरच्या फ्लॅटमधला राघव राव आपल्या लेकाला म्हणाला, "बुटाची नाडी बांध, पडशील," आणि मी आणि नितीन एकमेकांकडे बघतच राहिलो. या माणसाला आम्ही इतकी वर्षं पक्का तमिळ समजून त्याच्याशी हिंदीत बोलत होतो!

"अरे, तुम्ही मराठी?"

"तंजावरचे मराठी, वहिनी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच. घरचं मराठी ऐकून पुण्यात कॉलेजला सगळे हसायचे. मग तुमच्यासारखं बोलायला शिकलो, आणि नंतर कुठे सांगायच्या भानगडीतच पडलो नाही."

त्यानंतर आमच्याकडच्या चहाला तंजावर हा कायमचा विषय झाला. महाराजांच्या सावत्र भावाने तिकडे गादी स्थापली हे शाळेत वाचलं होतं, पण तिथे अजून आपल्या भाषेत कुणी आमटीला फोडणी घालत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. नॅशनल डेच्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून येत होता. शारजाहून त्रिचीला थेट विमान आहे, तिकीट पुण्यापेक्षा स्वस्त मिळालं, आणि आम्ही बुक करून मोकळे झालो.

निघायच्या आदल्या दिवशी राघव खजुराचा डबा घेऊन आला आणि दारातच घुटमळला. "वहिनी, एक काम कराल? अप्पांना इकडे यायला तयार करा. आई गेल्यापासून एकटेच आहेत. मागच्या पावसाळ्यात अंगणात घसरले, मनगट मोडलं, आणि मला कळलं प्लास्टर निघाल्यावर. मी विषय काढला की ते मला हवामान सांगतात. तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला सरळ उत्तर देतील."

"यल्ला, चल, समज आलेच ते," मी म्हणाले. माणसांना पटवणं हा माझ्या ऑफिसातल्या नोकरीचाच भाग आहे, आणि मला त्याचा थोडा गर्वही आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

पहिला दिवस

त्रिची विमानतळ ते तंजावर रस्ता उत्तम, तासाभराचा. टॅक्सीवाल्याने दोन हजारांच्या वर सांगितले, म्हणजे नव्वद-शंभर दिरहम. नितीनने सवयीने मोठ्याने हिशेब केला आणि "अबुधाबीला जाऊन यायला याहून जास्त लागतात" म्हणून घासाघीस न करताच बसला. दोन्ही बाजूंना भाताची पाणी भरलेली खाचरं आणि त्यात पांढरे बगळे. एवढं हिरवं बघायची सवय गेल्यामुळे डोळे थोडे दुखलेच.

चोळांचं मोठं देऊळ दुपारी बंद असतं, चारनंतर उघडतं. चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि ऊन असेल तर फरशी चांगलीच भाजते, तेव्हा बॅगेत मोजे ठेवा. आम्ही गेलो तेव्हा नुकतीच सर येऊन गेली होती. ओला दगड पायाला गार लागत होता आणि सगळ्या आवारात ओल्या मातीचा आणि कापराचा मिसळलेला वास होता.

आमची इरा बारा वर्षांची. जन्म दुबईचा, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. उंच इमारतींचं तिला काडीचं कौतुक नाही. शिखराकडे बघून ती म्हणाली, "बुर्ज इज वे टॉलर." मग जवळ गेली, दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. "आई, दे हॅड नो क्रेन्स, राइट?"

"नाही."

"देन हू वॉज द फर्स्ट पर्सन टू से, लेट्स डू धिस?"

चोळ राजा, असं उत्तर मी दिलं, पण तिला राजा नको होता. तिला तो पहिला माणूस हवा होता ज्याला हे शक्य वाटलं. अंधार पडल्यावर शिखरावर पिवळे दिवे लागले आणि शेकडो माणसं अंगणात नुसतीच बसून राहिली, डबे उघडून, पोरांना मोकळं सोडून. तिकीट नाही, रांग नाही, "सर, प्लीज मूव्ह" नाही. दुबईत इतकी वर्षं राहून मला हे विसरायलाच झालं होतं, की बघण्यासारख्या जागी माणसं काहीही न करता बसूही शकतात.

दुसरा दिवस

सकाळी सहाच्या सुमाराला अप्पा स्वतः हॉटेलवर हजर. सेतुमाधव राव, निवृत्त शाळामास्तर, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, डाव्या मनगटावर अजून पट्टी. "या, या. देऊळ सकाळींच बघायाचें. मग ऊन होतंय." त्यांचं मराठी ऐकून माझ्या अंगावर काटा आला. शब्द आपलेच, पण चाल तमिळ. 'आहे'चं 'अहे', 'आम्ही'चं 'अम्ही'. ओळखीचं गाणं कुणी वेगळ्या रागात म्हणावं तसं.

त्यांनी आम्हाला आवाराच्या एका कोपऱ्यात नेलं, जिथे कुणीच फोटो काढत नव्हतं. भिंतीवर ओळीच्या ओळी देवनागरी अक्षरं कोरलेली. भोसल्यांच्या घराण्याची अख्खी हकिकत, मराठीत. इरा शाळेत हिंदी शिकते, ती पुढे झाली आणि अक्षरं लावायला लागली. "इट्स हिंदी!"

"अपलं," अप्पा म्हणाले. "हिंदी नव्हे. अपलं."

चोळांनी बांधलेल्या देवळाच्या भिंतीवर, तमिळ मुलखाच्या ऐन मध्यात, कुणा राजाला आपल्या बोलीत आपली गोष्ट लिहावीशी वाटली. वाचणार कोण, हा विचार त्याने केला असेल का? मी विचारलं तर अप्पा म्हणाले, "अम्ही वाचतों की." मग बोट ठेवून त्यांनी चार ओळी वाचल्या. मला निम्म्या कळल्या, पण ऐकताना मी फोन खिशात ठेवला होता, जे माझ्याकडून सहसा होत नाही.

तिथून त्यांच्या घरी. अरुंद गल्ली, ओसरी, पितळी वाटी-पेल्यातली फिल्टर कॉफी, इतकी गोड की नितीनने डोळे मिटले. घर स्वच्छ, पण एका माणसाचं: एकच खुर्ची घासलेली, एकच टॉवेल दोरीवर. मला वाटलं, हीच वेळ. नितीन आणि इरा अंगणात मांजराशी खेळत होते. मी गोड आवाज काढला.

"अप्पा, राघव तुमची फार वाट बघतोय. आमच्याबरोबर नाही, पण पुढच्या महिन्यात येता का दुबईला? कायमचे?"

अप्पांनी हसून मान डावी-उजवी डोलावली, ती त्या भागात सगळेच डोलावतात तशी, आणि म्हणाले, "होणा."

"हो ना!" मी टाळीच वाजवली. "मला वाटलंच होतं!"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं आणि विचारलं, "अजून कॉफी?" मी आनंदाच्या भरात तीही घेतली.

ओसरीवरूनच मी राघवला मेसेज टाकला: अप्पा हो म्हणाले. त्याचा फोन लगेच आला. तो म्हणाला, "खरंच, वहिनी? मी आता त्यांना काही बोलत नाही. बोललो की पुन्हा हवामानावर जातील. तुम्ही परत येईपर्यंत असंच राहू दे."

दुपारी राजवाडा. तिकीट किरकोळ, पण परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा दर लावतात, म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा, नाहीतर एमिरेट्स आयडी बघून खिडकीवरचा माणूस विचारात पडतो. दरबार हॉलच्या रंगवलेल्या खांबांखाली कबुतरं नांदताहेत. खरा खजिना आहे चोळांच्या कांस्यमूर्तींचा. एक पार्वती आहे, एका पायावर भार टाकून उभी, कुणाशी तरी बोलणं मध्येच थांबवून मागे वळल्यासारखी. तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. जुन्या ग्रंथालयाच्या दालनात काचेखाली मोडीतले कागद आहेत. मोडी मला येत नाही, माझ्या आजोबांना यायची. आमच्या घरात ती तिथेच संपली.

एवढ्यात राघवने फोटो पाठवला. पोराचं अभ्यासाचं टेबल हॉलमध्ये हलवलेलं आणि त्या जागी ड्रॅगन मार्टमधून आणलेला पलंग, अजून प्लास्टिकमध्ये. खाली लिहिलं होतं: खिडकीकडे उशी ठेवू की दाराकडे? अप्पांना उजेड लागतो. मी लिहिलं, खिडकीकडे. आणि स्वतःवर भलतीच खूश होऊन पार्वतीकडे परत गेले.

तिसरा दिवस

दुपारचं जेवण अप्पांकडे. त्यांनी एका हाताने सगळं केलं होतं: आंबट वरण, डांगर, भाजी, पायसम. केळीची पानं मांडली आणि मला म्हणाले, "तुम्हीं वाढा, माझं मनगट ऐकत नाही." मी भाताचं भांडं घेऊन फिरले.

"अप्पा, भात?"

"होणा."

मी वाढला. वरण ओतलं. पुन्हा विचारलं, पुन्हा "होणा". पुन्हा वाढला. नितीन म्हणाला, "बघ, आपल्या हातचं वाढलेलं आवडतंय त्यांना." तिसऱ्यांदा त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि जरा जोरात म्हणाले, "होणा! होणा!" मी म्हटलं, लाजताहेत, आणि बोटांच्या फटीतून वाढला.

"आई," इरा म्हणाली, "ही इज सेइंग नो."

अप्पांनी समोरच्या भाताच्या डोंगराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. पट्टी बांधलेल्या हाताने डोळे पुसत म्हणाले, "तुमच्या गांवांत होणा म्हंजे वाढा? अमच्यांत होणा म्हंजे नको!"

सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला ओसरी आठवली. भांडं हातातच राहिलं.

"अप्पा... काल मी दुबईचं विचारलं, तेव्हा तुम्ही..."

"होणा म्हटलों."

"मी राघवला कळवलं. तुम्ही हो म्हणालात असं."

ते हसायचे थांबले. मी पलंगाचं सांगितलं, खिडकीकडच्या उशीचंही सांगितलं, कारण लपवून काय होणार होतं. नितीन मला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होता. मला खरोखर लाज वाटत होती. 'हो' आणायला मला पाठवलं होतं, म्हणून मला 'हो' ऐकू आलं.

अप्पांनी जास्तीचा भात पानाच्या कडेला सारला. मग म्हणाले, "राघव चांगला अहे. दर वेळीं विचारतो, अप्पा कधीं येणार. सून विचारते, नातू विचारतो, आतां तुम्हीं. 'अप्पा, मी तिकडें कधीं येऊं', असं कोणी विचारत नाही. त्याची आई गेली तेव्हा आला होता. तेव्हापासून नाही. मला पलंग होणा. तो इथें येऊन चार दिवस माझ्या पानाशेजारीं बसला, तर मग पुढचं पुढें बघूं."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. पायसम मी कसंबसं संपवलं. पुण्यात माझी आई आहे, आणि तिला दर दिवाळीला मी नेमकं हेच विचारते.

निघताना अप्पांनी इराला कागदात बांधून मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, दिली आणि मला म्हणाले, "तुम्हींच सांगा त्यास. फोनवर सांगूं नका. तोंडानें सांगा."

परत

विमानात मी वाक्यं जुळवत होते. पटवण्याच्या नोकरीत अशा बातम्या कशा द्यायच्या याचंही ट्रेनिंग असतं, पण त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. घरी बॅगा टाकल्या आणि समोरची बेल वाजवली. नितीन आणि इराही मागे आले. राघवने दार उघडलं. आत पलंगावर नवी चादर दिसत होती.

मी सगळं सांगितलं. 'होणा' शब्द उच्चारला तशी त्याने भिंतीला टेकून डोळे मिटले, आणि मग हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "वहिनी, लहानपणी मी कारल्याला होणा म्हणायचो. तुम्ही मेसेज केला तेव्हा मला विचारायला हवं होतं, ते नेमकं काय म्हणाले. विचारलं नाही. मला तो हो हवा होता."

"मलाही," मी म्हणाले. मग बाकीचं सांगितलं, पानाशेजारी बसायचं. ते ऐकून मात्र तो हसला नाही.

तंजावरला जायचं असेल तर जरूर जा. देऊळ संध्याकाळी बघा, पार्वतीला वेळ द्या, भिंतीवरच्या मराठीपाशी कुणीतरी वाचून दाखवणारा शोधा. माझ्याकडे सहलीतून फोटो फारसे आले नाहीत. एक शब्द आला, आणि तो आता माझ्या कानात बसलाय. कुणी काही म्हटलं की मी थांबून विचारते, म्हणजे नक्की काय? ऑफिसात लोक वैतागलेत.

त्या दिवशी राघवने तिथेच, दारातच, फोन स्पीकरवर लावला. त्याला त्याच्या घरच्या मराठीत बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"अप्पा, मी येऊं? चार दिवस. मी एकटाच."

तिकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा खणकन आवाज आला. राघव फोनकडे बघत होता आणि आम्ही तिघं त्याच्याकडे.

"हो," अप्पा म्हणाले. मग घसा खाकरून, शाळेत फळ्यासमोर म्हणावं तसं, एकेक शब्द सुटा करून, तीन भाषांत: "हो. आमां. येस. त्या समोरच्या बाईंस पण सांग."